काही न लागणारी झाडं

चैत्र सरत आला की आमच्या गॅलरीत चिनी गुलाब फुलायला लागतो. सकाळी ऊन गजांवरून घसरत ट्रेपर्यंत यायला बराच वेळ घेतं. ते एकदा मातीला टेकलं की कळ्या उघडतात, गुलाबी, पिवळ्या, एक शेंदरीही आहे मधेच. दुपार कलली की पुन्हा मिटून बसतात. जाडजूड सुईसारखी पानं, बोटात धरून दाबलं तर पाणी निघेल अशी. ट्रेच्या कडेवरून वेल खाली उतरलाय आणि आता खालच्या मजल्याच्या छज्ज्याकडं निघालाय.

परवा शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई कपडे वाळत घालताना तिकडून म्हणाल्या, "किती गोड दिसतंय हो. आणि याला काही लागत नाही ना?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. बाई बिचाऱ्या भल्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. पण हे वाक्य माझ्यासमोर कुणी म्हणू नये. मी "लागतं" एवढंच म्हटलं आणि आत येऊन कुकरचं झाकण असं आदळलं, की आक्कानं भाकरी थापता थापता मान वर केली.

"आज कुनावर गं?"

"कुणावर नाही."

"मंग झाकनावर का? त्येनं काय केलंय तुजं?"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिघं भावंडं, आक्का, मी आणि धाकटा बाळू. निपाणीजवळच्या एका गावाबाहेरच्या वस्तीतली आम्ही. आई लवकर गेली आणि वडलांच्या छातीत तंबाखूच्या वखारीतली धूळ बसली. त्यामुळं आक्काची शाळा सुटली, माझी आणि बाळूची सुटली नाही. आधी दुसऱ्यांच्या शेतात तण काढायची भांगलण, मग वखारीत तंबाखू चाळणं, असं करत तिनं आम्हाला बेळगावच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. मी शिक्षिका झाले. बाळू इंजिनियर झाला. आक्काचं लग्न राहून गेलं. सगळे नातेवाईक असंच म्हणतात, राहून गेलं, जणू बाजारातून येताना कोथिंबीर घ्यायची राहून गेली.

आणि त्याच नातेवाइकांचं दुसरं लाडकं वाक्य, आक्काला काय, तिला काही लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून मला या वाक्याचा एवढा राग का येतो, ते सांगते.

बाळूचा बंगला इथंच बेळगावात, टिळकवाडीत, रेल्वे गेटच्या पलीकडं. पुढं छान मोकळी जागा आहे. आधी तिथं लॉन होतं, पण गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा राहिला नाही आणि त्यांची बोअरही आटली. लॉन पिवळं पडलं, मग करडं झालं, मग चालताना चपलेखाली कुरकुर वाजायला लागलं. स्वातीनं, म्हणजे बाळूच्या बायकोनं, मोबाइलवर कुठल्यातरी बागांची चित्रं बघितली आणि ठरवलं की जमिनीवर पसरणारी, मांसल पानांची झाडं लावायची. मेंटेनन्स नको, कापणं नको, पाणी नको.

खानापूर रोडच्या बाजूचा एक नर्सरीवाला टेम्पो भरून आला. त्याच्या माणसांनी लॉन उकरून काढलं, लाल मातीत वाळू मिसळली, पांढरे गोटे मांडले आणि मधेमधे ती रोपं खोचली. तांदळाच्या दाण्यासारख्या पानांची एक, राखाडी गुलाबाच्या आकाराची एक, निळसर बोटांची एक. मी त्या दिवशी तिथं गेले होते. दिसायला देखणीच होती, उगीच कशाला नाव ठेवू. नर्सरीवाला जाताना पुन्हा पुन्हा बजावत होता, "नीर बेडा मॅडम, नीर बेडा." पाणी नको, पाणी नको. स्वातीचा चेहरा एवढा खुलला होता, की तिला जणू घरात जेवायला न मागणारी मुलं मिळाली.

त्यांना मे महिनाभर पुण्याला मुलाकडं जायचं होतं. बाळू म्हणाला, "आक्काला आणू या. घर राखल्यासारखं होईल, झाडांवरही लक्ष राहील."

"तिला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचंय ताई? एकटी तर असते. इथं आरामात राहील. तिला कुठं काय लागतंय?"

आक्का निपाणीत एका गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायची. एकच खोली, वर कौलं, दाराला निळा रंग, तोही तिनं स्वतः दिलेला. उंबऱ्यापुढं हातभर जागा. त्या जागेत तेलाचे, डालड्याचे फुटके डबे मांडलेले आणि प्रत्येक डब्यात चिनी गुलाब. कुणाच्या घरामागच्या परड्यातून, कुणाच्या दवाखान्याच्या पायरीवरून, असा मागून मागून आणलेला. तोडून आणलेली फांदी मातीत नुसती टेकवली तरी जगते, म्हणून सगळी गल्ली आक्काकडून फांद्या घेऊन जायची. आक्का कुणाला नाही म्हणायची नाही. कुणी मागितली की "थांब, शेंदरी हाय का तुज्याकडं?" असं विचारून वर एक जास्तीची द्यायची. खोलीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात असायची. आंघोळीलाही ती काढायची नाही. मी एकदा चिडवलं, "मंगळसूत्र आहे का हे?" तर म्हणाली, "त्येच्यापरास बरं हाय."

तर ती आली. एक पिशवी, दोन लुगडी आणि खुरपं. स्वातीनं खुरपं बघून विचारलं, "हे कशाला आक्का?" आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. हाताला बरं वाटतंय."

बाळू आणि स्वाती पुण्याला गेले आणि मी दर रविवारी आक्काकडं जायला लागले. तो उन्हाळा आठवला की आधी मला त्या बंगल्याचा मागचा ओटा आठवतो. आंब्याच्या पेटीतलं वाळलेलं गवत, कणकुंबीकडच्या बायकांनी द्रोणात आणलेली करवंदं, दुपारी फरशीवर आडवं पडून ऐकलेला आगगाडीचा आवाज. आक्का गादीवर झोपत नव्हती, कूलर लावत नव्हती, फ्रिजमधलं पाणी पीत नव्हती. मी तिच्यावर वैतागायची. "आगं, दात ठनकत्यात गार पान्यानं," ती म्हणायची. तिच्या मागच्या दाढा गेल्या होत्या, हे मला त्या ओट्यावर करवंदं खाताना कळलं. तिनं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून.

आणि ती त्या झाडांना रोज पाणी घालायची.

मी बघितलं, तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं एका बादलीत साठवून संध्याकाळी एकेका रोपाच्या बुडात ओंजळीनं सोडायची. मी म्हटलं, "आक्का, त्यांना पाणी नको असतं. तो नर्सरीवाला सांगून गेलाय."

"नगं? एवड्या उनात?"

"त्यांच्या पानातच असतं पाणी. जास्त घातलं तर कुजतात."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तिच्यासमोर अंगणवाडीतली पोर झाले. "सुमे, भर उनात बांधावर बसून पान्याची वाट बगितलीयास का कदी? मी बगितलीया. त्येला तोंड न्हाय म्हनून त्येला तान लागत न्हाय, आसं कुटं आस्तंय व्हय?"

ती चूक होती, सपशेल चूक होती. पण उन्हात उभ्या असलेल्या कशालाही पाण्याशिवाय ठेवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. शेतात आमच्या वस्तीतल्या बायकांना पाणी वरून, लांबून, दुसऱ्याच्या सवडीनं मिळायचं. त्या तहानेतून आलेला हात होता तो. तो नर्सरीवाल्याचं कशाला ऐकेल?

त्या रोजच्या पाण्यानं आणखी एक गोष्ट झाली. त्या महागड्या रोपांच्या मधून घोळ उगवली. घोळ म्हणजे तीच जात हो, जमिनीवर पसरणारी, लालसर देठाची, जाड गुबगुबीत पानांची. कुणी लावत नाही, कुणी विकत आणत नाही, आपलीच येते. इथल्या बाजारात कानडी बायका तिला गोणी सोप्पु म्हणून जुड्या बांधून विकतात. आक्काला ती दिसल्यावर जो आनंद झाला, तो तिला त्या बंगल्यातल्या दुसऱ्या कशानंही झालेला मी बघितला नाही. खुरपं घेऊन ती उकिडवी बसली, पदराची खोळ केली आणि गोट्यांच्या मधून एकेक घोळ उपटून पदरात टाकत गेली. महाग रोपं बाजूला, तण पदरात. मग लसणाची फोडणी, लाल मिरची, मूठभर तुरीची डाळ, आणि भाकरी. आंबट, किंचित खारट, जिभेवर बुळबुळीत. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसून ताटलीत हात घालून खाल्ली. मी कितीतरी वर्षांनी एवढं पोटभर जेवले.

घोळ पदरात घेण्याचा तो हक्क कुठून आला, हेही सांगायला हवं. उन्हाळी भुईमुगाच्या भांगलणीला गेलेल्या बाईनं जे तण उपटलं, त्यातली खायची भाजी तिची. घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी. मालकाला ते नकोच असतं. पण घरी जाताना पदरात भाजीखाली शेंगा लपवल्या नाहीत ना, हे बघायला मालकीण बांधावर उभी असायची. बायकांनी एकेक करून तिच्यासमोर पदर झाडायचा. दुसऱ्या आळीच्या बायका हसत बोलत तशाच निघून जायच्या, त्यांना कुणी थांबवायचं नाही. पदर झाडायचा तो आमच्या वस्तीतल्या बायकांनी. घोळ फुफाट्यात पडायची. मालकीण पायानं इकडं तिकडं करून बघायची आणि मान हलवायची. मग आक्का खाली बसून एकेक देठ पुन्हा उचलायची, फुंकर मारून पदरात घ्यायची. मी तिचं खुरपं धरून शेजारी उभी असायची. बाळू झाडाखाली झोळीत झोपलेला असायचा. आक्का तेव्हा किती असेल? आज माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलींएवढी. त्यांच्याकडं बघताना कधीतरी मला हे आठवतं आणि मग त्या दिवशी शिकवण्यात लक्ष लागत नाही.

बाळू आणि स्वाती पुण्याहून परत आले, त्या रविवारी मी तिथंच होते. बाळू मागच्या दाराशी खुर्ची टाकून मोबाइलवर बोलत होता. स्वाती आत स्वयंपाकाच्या ओट्याशी चहा करत होती. आक्का बाजूच्या वाटेनं बागेतून आली, पदरात घोळ. दाराशी आली आणि थांबली. तिनं पदराची दोन्ही टोकं धरली, तो पुढं पसरला आणि झाडला.

सगळी घोळ पायरीवर पडली.

मला वाटलं, निसटली असेल. पण ती तशीच उभी होती, पदर पसरून, मान खाली, कुणीतरी बघून हो म्हणायची वाट बघत. एवढंसं क्षणभर. मग तिचं तिलाच कळलं असावं, कारण ती घाईनं खाली बसून देठ वेचायला लागली. एवढे दिवस आम्ही दोघीच होतो तेव्हा तिनं असं कधी केलं नव्हतं. घरचे मालक परत आले आणि तिच्या हातांना बांध आठवला. धाकट्या भावाच्या दारात, ज्याला तिनं झोळीत वाढवलं.

बाळूनं मोबाइल कानाला तसाच ठेवून पाय बाजूला घेतले, तिला वेचायला जागा व्हावी म्हणून. स्वाती आतून म्हणाली, "आक्का, माती बाहेरच झाडा हं, आत्ताच पुसलंय." तिला काय माहीत? ती निपाणीची नाही, तिचे वडील सरकारी नोकरीत, ती क्वार्टर्समध्ये वाढली. तिला माहीत नाही, म्हणून तिच्यावर माझा राग कमी आहे. कमी आहे, नाही असं नाही.

मी आक्काशेजारी बसून घोळ वेचायला लागले. तेवढ्यात बाळूचा फोन संपला आणि तो अगदी खुशीत म्हणाला, "बरं झालं ताई, एक काम उरकून टाकलं. येताना निपाणीला थांबलो. माझ्याकडं जादा किल्ली होती ना, ती खोलीमालकाला देऊन टाकली. आता आक्का इथंच."

मी म्हटलं, "काय केलंस?"

"खोली सोडली. उगाच एकटीनं कशाला राहायचं? इथं सगळं आहे."

"तिचं सामान?"

"सामान काय होतं? चार भांडी आणि गोधड्या. शेजारच्या बाईला दिलं, खूश झाली ती. डबे राहिले तिथंच."

आक्काचा हात गळ्याकडं गेला. किल्ली लुगड्याच्या आतून बाहेर आली, तिनं ती मुठीत धरली आणि पुन्हा आत सोडली.

बोलले मी. काय काय बोलले, ते सगळं इथं लिहिता यायचं नाही. टिळकवाडीत एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नाही, शेजारच्या बंगल्याच्या खिडक्या उघडल्या. बाळू गोंधळलेला होता. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याच गोष्टीनं माझा पारा आणखी चढत होता. मुद्दाम वाईट केलं असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. यानं चांगलं म्हणून केलं होतं.

"तिला विचार," मी म्हटलं. "आत्ता, माझ्यासमोर विचार."

तो लहान मुलाशी बोलतात तसा वाकला. "आक्का, तुला इथं काय कमी आहे?"

"हा प्रश्न नाही बाळ्या," मी म्हटलं. "आक्का, तुला काय पायजे?"

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पदरातली घोळ तिनं सावरून घेतली. मग म्हणाली, "माजी खोली."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्यासमोर काहीतरी मागितलं. बाळू हसला. वाईट नाही हसला, लाडानंच हसला. "अगं, आता दिली की ती मालकाला. त्यानं लगेच दुसऱ्याला लावलीसुद्धा असेल."

"मंग न्हाय तर न्हाय," आक्का म्हणाली आणि आत जाऊन घोळ धुवायला लागली.

"बघ," बाळू मला म्हणाला, "तिचं काही म्हणणंच नाही."

मी तिथून चालत घरी आले. कडक ऊन होतं, पायात चपला होत्या की नाही हेही मला आठवत नाही.

मग वळीव आले आणि त्यांच्या मागून आषाढातला पाऊस. इथला पाऊस कसा पडतो, हे त्या चित्रातल्या बागांना कुठं माहीत असणार? ती देखणी रोपं आक्काच्या ओंजळीनं आधीच बुडाशी मऊ झाली होती. पावसात ती एकेक करून पारदर्शक झाली आणि मग नुसता चिखल उरला. घोळ तेवढी तरारली. स्वाती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होती, आक्कांनी पाणी घालून घालून मारली. आक्का तर स्वतःच तोंड लहान करून म्हणत राहायची, "माज्या हातनं मेली गं." जेवतानाही तेच.

त्याच दिवसांत आमच्या शाळेतल्या, कविता करणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या आक्का म्हणजे त्या झाडांसारख्याच. कुठंही रुजतात, काही मागत नाहीत." त्यांना वाटलं, मी गहिवरेन. मी म्हटलं, "बाई, त्या झाडांना खरोखरच पाणी लागत नाही. माझ्या बहिणीला लागतं. तिला दात लागतात, गुडघ्याला औषध लागतं, दाराला कडी लागते. ती झाड नाही." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. हे असलं कौतुक करणाऱ्यांचं एक बरं असतं, कौतुक केलं की काही आणून द्यावं लागत नाही.

आषाढातच एका दुपारी मी रिक्षा घेऊन गेले आणि आक्काला माझ्याकडं आणलं. पिशवी, लुगडी, खुरपं. बाळूनं विचारलं, "राग आलाय का आक्का?" ती म्हणाली, "न्हाय रं." तिच्या वाटचा राग मीच करत होते.

नंतर मी निपाणीला जाऊन आले. निळ्या दाराला चॉकलेटी रंग लागला होता, आत दुसरं कुटुंब होतं, एक बाई तव्यावर काहीतरी परतत होती. डबे गटाराच्या कडेला लोटलेले. एका चेपलेल्या डब्यात चिनी गुलाबाची काडी जिवंत होती. शेजारणीच्या दारात आणखी दोन रंग सापडले, आक्कानंच कधीतरी दिलेले. शेजारणीनं ते मला देताना डोळ्याला पदर लावला. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ते बेळगावला आणले. ट्रेच्या बुडाला भोकं पाडली, विटांचे तुकडे टाकले, अर्धी वाळू, अर्धी माती. आक्का बघत बसली होती. मी म्हटलं, "याला पाणी मातीला बोट लावून घालायचं, कोरडी लागली तरच." ती म्हणाली, "व्हय. आता कळलंय मला." आणि तिनं खरंच तसंच केलं.

दाढा बसवल्या. गुडघ्यांना तेल, गोळ्या चालू झाल्या. पण माझी ही गॅलरी म्हणजे तिचा उंबरा नाही, हे मला रोज दिसत होतं. दुसऱ्या मजल्यावरून ती खाली बघत बसायची. किल्ली गळ्यातच होती, जिचं दार आता दुसऱ्यांचं होतं. मी सुट्टी मिळेल तेव्हा निपाणीला खोल्या बघत फिरले. या चैत्रात मिळाली, त्याच गल्लीच्या मागच्या अंगाला. नळ आत आहे, दारापुढं डबे मावतील एवढी जागा आहे. नवी किल्ली मी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं ती तोंडासमोर धरून नीट बघितली आणि त्याच काळ्या दोऱ्यात ओवली. जुनी काढ म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वाजायला हुत्यात." येत्या आठवड्यात ती जाणार आहे. घर आत्तापासून मला मोकळं वाटायला लागलंय आणि मी त्याच्यावरही चिडतेय.

आणि काल बाळू आला. आंब्याची पेटी घेऊन आला, ते खोटं कशाला सांगू. बसला, पाणी प्याला, मग गॅलरीच्या दारात जाऊन उभा राहिला. आक्का बाहेर ट्रेशी खाली बसली होती. शेजारच्या जुन्या टबात घोळ आलीय, ती खुडून पदरात टाकत होती.

"काय फुललंय गं हे," तो म्हणाला. "आक्का, यंदा आम्ही पुढं हेच लावतोय. सगळं मेलंय ना तिथं. तू चल. तूच लाव आणि तूच बघ. याला तर काहीच लागत नाही."

मी तोंड उघडणार होते. आक्कानं हात किंचित वर केला, मला थांबवायला.

"मी निपानीला चाललीया, बाळू. खोली बगितलीया."

"निपाणीला? आता? एकटी? आणि काही लागलं सवरलं तर?"

"लागंल की. लागलं की सांगीन."

तो माझ्याकडं बघायला लागला, हे मी शिकवलंय असं त्याला वाटलं असावं. मी काही शिकवलं नव्हतं. मग अवघडून, विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, "बरं. मग थोड्या फांद्या तरी दे. मी स्वातीला सांगतो लावायला."

आमच्याकडं झाडाची फांदी मागणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही. आक्कानं तर सगळ्या गल्लीला वाटल्या. मला वाटलं, आता हिचा हात आपोआप ट्रेकडं जाईल, शेंदरी आधी देईल.

"न्हाय," आक्का म्हणाली.

"काय?"

"फांदी देनार न्हाय."

"अगं, फांदीच तर मागतोय."

"तू आलास की मागतोसच रं," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही, भाजी महाग झालीय हे सांगावं तसं म्हणाली. "तुला ठावं बी नस्तंय, मागतोयस म्हनून. ह्या बारीला न्हाय. ह्यो ट्रे माज्या दारात जानार हाय."

बाळूचा चेहरा पडला. झोळीतल्या पोरासारखा दिसला तो मला आणि त्याची दया आली, ती मी लगेच गिळून टाकली.

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. गळ्यात दोन किल्ल्या एकमेकींवर वाजल्या. पदरात घोळ होती. बाळू दारात उभा होता, सगळी चौकट भरून, आणि आत यायला तीच एक वाट. ती त्याच्यासमोर आली आणि थांबली. तिचे दोन्ही हात पदराच्या टोकांकडं गेले, मी बघितलं.

तिनं टोकं धरली, एकमेकांवर घेतली, गाठ मारून कमरेला खोचली. बाळूनं अंग चोरून वाट दिली. ती आत गेली आणि ओट्याशी उभी राहून म्हणाली, "सुमे, लसूण सोल."